दादांसाठी एएची मीटिंग शोधताना: साखळीच्या ताईंना उत्तर

गोव्यातल्या साखळीजवळच्या एका गावातून ताईंनी विचारलं आहे. त्यांचे दादा त्रेचाळीस वर्षांचे. स्वतःचा ट्रक खाणीवर लावलेला होता. २०१८ मध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभा राहिला, आणि रात्रीपुरती असलेली दारू हळूहळू सकाळपासून सुरू झाली. गेल्या महिन्यात बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात दाखल करून त्यांची दारू उतरवली. घरी येऊन तीन आठवडे झाले, अजून प्यायलेले नाहीत. डॉक्टरांनी निघताना सांगितलं की एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जात जा. आता ताईंचे प्रश्न असे: मीटिंग कुठं भरते हे कसं कळणार? सगळं इंग्रजीत चालतं का? चर्चच्या जागेत भरते असं ऐकलं, आम्ही हिंदू, मग? गावात कळलं तर? पैसे किती? मी सोबत जाऊ शकते का? आणि सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे दादांचं उत्तर ठरलेलं आहे, "हांव बेबदो न्हय, थंय कित्याक वचूं?" (मी बेवडा नाही, तिथं कशाला जाऊ?)

ताई, व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून माझी बरीच वर्षं गोव्यातच गेली आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न मला ओळखीचा आहे. आधी एक सांगतो: घाई करा. घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण "जरा बरं वाटू दे, मग बघू" असं म्हणत बसू नका. रुग्णालयात शरीरातली दारू उतरते. झोप, चिडचिड, संध्याकाळी सहा वाजले की होणारी तगमग ही घरी आल्यावरही कित्येक आठवडे राहते. पहिले तीन महिने सगळ्यात निसरडे. तीन आठवड्यांनी माणसाला वाटायला लागतं की आता जमलं, मीटिंगची काय गरज. घरच्यांनाही तसंच वाटतं. नेमकी हीच वेळ मीटिंगची आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी सुरू झालं. एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन, दोघंही दारूनं बुडालेले. एकमेकांशी बोलत राहिलं की त्या दिवशी प्यावंसं वाटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मुळात एवढंच आहे ते. तिथं डॉक्टर नसतो, औषध नसतं, भरती करून घेत नाहीत, कुणी रजिस्टरवर सही मागत नाही. सभासद व्हायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. पैशांचं म्हणाल तर फी नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सभासद जमेल ते टाकतात, त्यातून जागेचं भाडं आणि चहा निघतो. नवीन माणसानं काही टाकलं नाही तरी कुणी बघत नाही. कुणी "एएमध्ये घ्यायला" पैसे मागितले, तर ती एए नव्हे हे पक्कं समजा.

आता शोधायचं कसं. एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर मीटिंगची यादी आणि हेल्पलाइनचे नंबर मिळतात. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को या शहरांत मीटिंग चालतात. पण यादी बघून थेट जाऊ नका. जागा बदलते, वार बदलतो, शाळेची खोली परीक्षेच्या दिवसांत मिळत नाही, आणि यादीत जुनंच राहतं. एखादा माणूस धीर करून दहा-पंधरा किलोमीटर जातो, कुलूप बघतो, आणि परतीच्या वाटेवर बारमध्ये शिरतो. म्हणून मी यादीपेक्षा फोनवर भर देतो. बांबोळीला ज्या वॉर्डात दादा होते, तिथल्या समाजसेवकांना किंवा नर्सना विचारा. एएचे सभासद रुग्णालयांत येऊन रुग्णांशी बोलतात, त्यामुळे वॉर्डात त्यांचे नंबर बहुधा असतात. दादांना तिथं कुणी भेटून गेलं होतं का हेही विचारा. ओळखीचा आवाज असला की निम्मं काम झालं. कुठूनच धागा मिळाला नाही तर मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, दोन्ही फुकट आहेत. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं.

फोन कुणी करायचा? दादांनी. तुम्ही शेजारी बसा, नंबर लावून द्या, पण बोलू द्या त्यांनाच. एए सभासद घरच्यांशी नीट बोलतात, माहितीही देतात, पण पुढं म्हणतात, त्यांना स्वतःला दोन मिनिटं द्या. यात उद्धटपणा नाही. ज्याला पिणं थांबवायचं आहे त्याच्याशीच त्यांना बोलायचं असतं. फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. या आठवड्यात मीटिंग नक्की आहे ना. कुठल्या भाषेत चालते. ओपन आहे की क्लोज्ड. ओपन म्हणजे घरचे, डॉक्टर, कुणीही बसू शकतं, क्लोज्ड म्हणजे फक्त ज्यांना स्वतःला दारूचा त्रास आहे ते. आणि चौथी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: "मी पहिल्यांदाच येतोय, दारात कुणी भेटेल का?" या प्रश्नाला बहुतेक वेळा हो असंच उत्तर येतं. पुष्कळदा तो माणूस स्कूटर घेऊन बसस्टँडवर येऊन थांबतो. नवख्याला आणणं हा त्यांच्या स्वतःच्या न पिण्याचा भाग आहे, उपकार वगैरे काही नाही. इतक्या वर्षांत मला दिसलेलं असं की पहिल्या मीटिंगला पोचलेल्यांपैकी टिकतात ते बहुधा दारात कुणीतरी नावानं ओळखून घेतलेले. मीटिंग जवळची की लांबची, याचा मग फारसा फरक पडत नाही.

भाषेचं. गोव्यात इंग्रजीत चालणाऱ्या मीटिंगा आहेत, कोकणीतही बोललं जातं, आणि बहुतेक ठिकाणी जो तो आपल्या भाषेत बोलतो. वाचन इंग्रजीत झालं तरी माणूस आपली गोष्ट सांगायला लागला की कोकणीवर येतो. कोकणी समजत नाही असा साखळीचा माणूस मी पाहिलेला नाही, त्यामुळे ऐकायला अडचण नाही. दादा मराठीत बोलले तरी सगळ्यांना कळेल. निखळ मराठी मीटिंग हवी असेल तर ऑनलाइन आहेत. करोनाच्या काळात महाराष्ट्रातल्या गटांनी झूमवर मराठी मीटिंगा सुरू केल्या, त्यांतल्या बऱ्याच अजून चालतात. पावसाळ्यात, किंवा शेवटची बस चुकायची भीती असेल तेव्हा त्या कामी येतात. पण माझा आग्रह असा की पहिली मीटिंग समोरासमोर व्हावी. फोनवर कॅमेरा बंद करून, खाटेवर पडून ऐकलेली मीटिंग आणि खुर्चीवर बसून ऐकलेली मीटिंग यांत खूप अंतर आहे.

आत काय होतं हे दादांना आधी सांगून ठेवा, कारण भीती बहुतेक त्याचीच असते. एक साधी खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास. भिंतीवर बारा पायऱ्या (सभासदानं दारूतून बाहेर पडायची वाट) आणि बारा परंपरा (गट चालवायच्या रीती) लिहिलेले दोन तक्ते. नवा माणूस दाराजवळची खुर्ची पकडतो, त्याला तिथंच बसू देतात. मीटिंग चालवणारा सभासदच असतो. सुरुवातीला शांत बसतात, थोडं वाचतात. मग एकेक जण बोलतो: "मी अमुक, मी अल्कोहोलिक आहे," आणि सगळे त्याचं नाव घेऊन हॅलो म्हणतात. पुढची काही मिनिटं तो आपलं सांगतो. बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवल्याचं, मुलाच्या शाळेत प्यायलेला गेल्याचं, किंवा फक्त एवढंच की आज संध्याकाळी दारूची फार आठवण आली म्हणून इथं आलो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, "तू असं करायला हवं होतंस" असं म्हणत नाही. दीड-एक तासात संपतं. नव्याला विचारतात, बोलणार का? "आज नुसतं ऐकतो" एवढं म्हटलं तरी चालतं. आडनाव सांगायची गरज नाही.

खरी मीटिंग कधी कधी चहाच्या वेळी होते. कुणीतरी कप हातात देतो आणि हळूच म्हणतो, "म्हाकाय अशेंच जातालें" (मलाही असंच व्हायचं). एखादा ट्रकवाला दुसऱ्या ट्रकवाल्याला खाणबंदीच्या दिवसांबद्दल विचारतो. जाताना दोन-तीन फोन नंबर मिळतात. ते नंबर म्हणजे त्या संध्याकाळची कमाई. दादांना सांगा, घरी येऊन त्यातल्या एकाला रात्री फोन करा, नुसतं "पोचलो" म्हणायला. प्यावंसं वाटेल तेव्हा पहिला फोन करणं फार जड जातं. "पोचलो" हा फोन आधी केलेला असला की पुढचा तेवढा जड वाटत नाही. काही आठवड्यांनी त्यांतलाच एखादा जुना सभासद त्यांचा स्पॉन्सर होईल, म्हणजे पायऱ्यांमधून सोबत नेणारा माणूस. तो कोण असावा हे घरच्यांनी ठरवायचं नसतं.

चर्चच्या जागेचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची किती तरी कुटुंबं याच एका गोष्टीवर अडतात आणि बोलूनही दाखवत नाहीत. गोव्यात काही गट चर्चच्या सभागृहात किंवा मिशनच्या शाळेत भरतात, कारण संध्याकाळी खोली कमी भाड्यात मिळते. एए कुठल्याही धर्माशी, पंथाशी, पक्षाशी जोडलेली नाही. तसं त्यांच्या परंपरांमध्येच लिहिलेलं आहे. तिथं हिंदू असतात, ख्रिस्ती असतात, मुसलमान असतात, देव न मानणारेही असतात. पायऱ्यांमध्ये देवाचा उल्लेख येतो हे खरं, पण "आम्हाला जसा तो समजला तसा" असं म्हटलेलं आहे. कुणासाठी ते श्रीदेव असतील, कुणासाठी विठ्ठल, आणि किती तरी जण म्हणतात की माझ्यासाठी हा गटच माझ्याहून मोठा.

इथं एक गोष्ट जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली आहे. दादांना दोन वर्षांपूर्वी देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली होती, आणि ती तीन महिन्यांत मोडली. आपल्याकडे हे घरोघरी होतं. देवासमोर गाऱ्हाणं घालतात, नारळ ठेवतात, कुणी माळ घालतं. शपथ टिकली तर उत्तमच. पण मोडली की माणूस दुप्पट बुडतो. दारू प्यायलो हे एक, आणि देवाला दिलेला शब्द मोडला हे दुसरं. मग देवळात जाणंही बंद होतं, कारण देवासमोर कुठल्या तोंडानं जायचं. दादांनी ती शपथ मोडल्यावर जत्रेला जाणं सोडलं असं तुम्ही लिहिलंय, त्यात मला आश्चर्य वाटलं नाही. एएमध्ये जन्मभराची शपथ कुणी घ्यायला लावत नाही. फक्त आज प्यायचं नाही, उद्याचं उद्या. दादांना हे आधी सांगा, की तिथं काहीही कबूल करायचं नाहीये. कदाचित त्यांचा अर्धा विरोध त्या जुन्या शपथेच्या भीतीचा असेल.

गावात कळण्याबद्दल. गोवा लहान आहे, ओळखीचा माणूस भेटणारच. पण तो तिथं ज्या कारणासाठी बसलाय त्याच कारणासाठी दादा आलेले असतील, हे विसरू नका. तिथं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, ही त्यांची घट्ट रीत आहे, आणि तिच्या जिवावरच हे सगळं चालतं. तरी संकोच वाटत असेल तर सुरुवातीला दुसऱ्या तालुक्यातली मीटिंग धरा. साखळीहून म्हापसा, पणजी, फोंडा, तिन्हीकडे बस आहे. आणि हेही बघा, दादा सकाळी तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसत होते तेव्हा ते गावाला ठाऊक नव्हतं का? लपवायचं असं काही उरलेलं नसतं बहुधा. पण हे दादांना सुनावू नका, तुमच्या मनाशी असू द्या.

"हांव बेबदो न्हय" यावर वाद घालू नका. कोर्टात साक्ष द्यावी तसं किती प्यायलात, कधी पडलात, हे मोजून दाखवलं की ते अधिकच अडून बसतील. त्यांना म्हणा, "तू कोण आहेस ते तिथं कुणी विचारत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून एकदा बसून बघ, ओपन मीटिंग आहे, मीही येते." पहिल्यांदा तुम्ही जरूर सोबत जा. दुसऱ्यांदा बाहेर थांबा. तिसऱ्यांदा त्यांना एकट्यानं किंवा त्या भेटलेल्या माणसाबरोबर जाऊ द्या. बोलायची वेळ सकाळची निवडा, वहिनी आणि मुलं समोर नसताना. आणि एका मीटिंगवरून ठरवू नका. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा असतो. कुठं वाचन जास्त, कुठं गप्पा मोकळ्या, कुठं सगळे साठीच्या पुढचे. चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणी बसून मग आपला गट धरावा. जुने सभासद नव्याला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा करायला सांगतात. साखळीहून ते रोज प्रत्यक्ष जाऊन शक्य नाही, पण आठवड्यात दोन समोरासमोर आणि बाकीच्या दिवशी ऑनलाइन, एवढं जमण्यासारखं आहे.

याचा उपयोग होतो का, असं वहिनींनी विचारलंय. होतो. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं जगभरातले सत्तावीस अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसांचे, एकत्र तपासले. एएशी पद्धतशीर जोडून दिलेल्या लोकांमध्ये वर्षभर पूर्ण न पिणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४२ टक्के निघालं, इतर नावाजलेल्या उपचारांत ३५ टक्के. म्हणजे जादू नाही, पण हातचं सोडावं असंही नाही. नुसता पत्ता हातात देण्यापेक्षा कुणीतरी जोडून देणं जास्त उपयोगी पडतं, हेही त्या अभ्यासांतून दिसतं. ज्यांना गटात बसणं अजिबात मानवत नाही त्यांच्यासाठी एकट्यानं समुपदेशन आहे. खुद्द गोव्यात संगाथ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून काही भेटींचं समुपदेशन देऊन पाहिलं, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि ते चांगले होते. मात्र तो अभ्यास घातक प्रमाणात पिणाऱ्यांवर होता, दादांसारख्या पूर्ण अवलंबून असलेल्यांवर नव्हे. दादांनी डॉक्टरांच्या गोळ्या, बांबोळीची ओपीडी आणि मीटिंग, तिन्ही चालू ठेवावं. एखादा जुना सभासद "गोळ्या कशाला, मीटिंग पुरे" असं म्हणालाच तर ते त्याचं वैयक्तिक मत; औषधाचा निर्णय डॉक्टरांचा.

तुमच्यासाठी आणि वहिनींसाठी वेगळी जागा आहे, अल-अनॉन. एएच्या एका संस्थापकाच्या पत्नीनं १९५१ मध्ये दुसऱ्या एकीबरोबर ती उभी केली. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. तिथं "त्यांना कसं सोडवायचं" हे शिकवत नाहीत. खिसे तपासणं, बाटल्या ओतणं, मालकाला खोटं सांगणं यात गेलेलं स्वतःचं आयुष्य परत कसं हातात घ्यायचं, याबद्दल बोलतात. मीटिंग कुठं आहे हे एएच्याच लोकांना विचारा, त्यांच्या घरच्या बायका पुष्कळदा तिथं जात असतात. वहिनींना बाहेर पडणं अवघड असेल तर अल-अनॉनच्याही ऑनलाइन मीटिंगा असतात. वहिनी एकट्या पडल्यात हे तुमच्या पत्रातून मला फार जाणवलं. त्यांना दादांच्या आधी न्या म्हटलं तरी चालेल.

मीटिंगची वेळ आणि पिण्याची वेळ बहुधा एकच असते, संध्याकाळी साडेसहा-सातची. हे चांगलंच आहे, तो अवघड तास तिथं भरून निघतो. अडचण परतीची. गोव्यात बस थांबते तिथं बार असतो. जाताना पोटभर खाऊन जावं, खिशात तिकिटापुरतेच पैसे असावेत, परत कोण आणणार हे आधी ठरलेलं असावं. उपाशी, रागावलेला, एकटा आणि दमलेला माणूस लवकर पितो असं एएमध्ये म्हणतात, आणि ते अक्षरशः खरं आहे. हुर्राकचे (काजूच्या दारूचे) दिवस, शिगमो, चवथ (गणेश चतुर्थी), कुणाचं लग्न, अशा दिवसांसाठी आधीच कुणाशी तरी बोलून ठेवावं. चवथीला घरात आरतीला बसायचं आणि पाहुणे मागच्या अंगणात बाटली उघडतील तेव्हा कुठं जायचं, हे सकाळीच ठरलेलं बरं. पाहुण्यांना स्पष्ट सांगायचं काम तुमचं. या वर्षी आपल्या घरात बाटली येणार नाही, एवढं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

दोन धोके. वर्तमानपत्रात "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा पावडरींच्या जाहिराती येतात. त्यातल्या काहींत डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टर हेच औषध देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीनं आणि तपासण्या करून. जेवणात गुपचूप काही घालू नका, कुणी कितीही खात्री दिली तरी.

दुसरा, दादा परत प्यायले तर. तसं झालं तर मीटिंग बंद करायची नाही. प्यायलेला माणूसही गप्प बसून ऐकू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत "ये" म्हणणारे तिथंच भेटतात. पण पुन्हा रोज, सकाळपासून पिणं सुरू झालं असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. फिट आली, किंवा पहिल्या चार दिवसांत केव्हाही हातपाय थरथरणं, घाम, भास, कोण कुठं आहे ते न कळणं असं काही दिसलं तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि गाडीत बसतानाच सांगा की हा माणूस रोज पिणारा होता आणि शेवटचं कधी प्यायला. बांबोळीचे कागद आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ती पिशवी दाराजवळच ठेवा.